हनुवटी

"हिची हनुवटी वॅक्स करा. उद्या बघायला येताहेत," लेकीला पार्लरच्या खुर्चीत बसवत ती म्हणाली.

तिनं मला ओळखलं नाही. मी ओळखलं. वीस वर्षांपूर्वी आपल्या भावासाठी मला बघायला आली, तेव्हा आमचे पोहे चापून सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोरीला दाढी आहे."

लेकीच्या हनुवटीवर लाल फोड होते. उपटलेले केस आतल्या आत वळले होते. वर वॅक्स ओढलं की उद्या तोंड सुजणार. बाई आयती सापडली!

"ताई, दुखेल?" लेकीनं विचारलं.

मी वॅक्स बाजूला ठेवलं. गरम फडक्यानं शेकत म्हणाले, "फोड जाईपर्यंत उपटायचं नाही."

"मग पाहुण्यांना काय सांगू?" आई फणकारली.

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "पोहे खाऊन माझ्या घरी जे म्हणालात, तेच."

तेव्हा कुठे तिनं माझ्या हनुवटीकडे पाहिलं.