दुपारी तीनचा घाम

रोज दुपारी तीन वाजले की इओआने आजोबांना दरदरून घाम फुटायचा, हात लटलट कापायचे आणि रक्तातली साखर धाडकन खाली यायची. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक; घोळ तेवढा दुपारचाच. "इन्सुलिन कमी करू," डॉक्टर म्हणाले, पण आपिया शहरातल्या इस्पितळाच्या त्या वॉर्डात बारा वर्षं काढलेल्या लूपे सिस्टरला ते पटेना. गावाहून दुपारच्या जेवणाचा डबा रोज येत होता, आणि ती बघायला जाई तेव्हा तो चाटूनपुसून रिकामा असायचा.

तिचा संशय होता आजोबांच्या बायकोवर, सेफिनावर. ही म्हातारी नक्की वैदूचा पाला पाजतेय! तिने वाढलेला मासा मात्र फक्कड असायचा. दुपारचं इंजेक्शन टोचून लूपे टेबलापाशी येते न येते तोच म्हातारी केळीच्या पानावर तारोचा उकडलेला कंद आणि मासा घेऊन हजर व्हायची. "खाऊन घे गं," म्हणायची.

आज लूपेने तिची टोपली पार उपसली. चटई निघाली, पंखा निघाला, बायबल निघालं. पाला काही निघाला नाही.

"आजी, खरं सांग. मी इंजेक्शन दिल्यावर तू ह्यांच्या पोटात काय घालतेस?"

म्हातारीने मान खाली घातली.



"काहीच नाही गं, पोरी. डबा एकापुरताच येतो, आणि हे म्हणतात, सकाळपासून उभी आहे ती सिस्टर, आधी तिला वाढ."