लागेल तेवढंच

पोहणं, सायकल आणि धावणं, असं सगळं एका दिवसात उरकायची ती परदेशातली शर्यत. लेकाने तिन्हींच्या तीन पिशव्या भरल्या, पायमोजेसुद्धा काट्यावर तोलून.

"जादा एक ग्रॅम नको, आई. लागेल तेवढंच घ्यायचं."

"मग मलाही तोलून घे की," म्हातारी म्हणाली.

तो हसला नाही. तिची बॅगही त्यानेच भरली आणि विमानतळावर जाता जाता तिला वृद्धाश्रमात उतरवलं. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. शर्यत झाली की न्यायला येतोच."

"आधी शर्यत पुरी कर. माझी कसली काळजी करतोस?" तिने ठसक्यात त्याला वाटेला लावलं.

उन्हाने खोली तापली होती. तिथल्या बाईने बॅग उघडली. वर रोजचे कपडे, त्याखाली लोकरीचा स्वेटर, जाड शाल, आणि तळाशी टॉवेलात नीट गुंडाळलेला म्हातारीच्या नवऱ्याचा फोटो.

"पंधरा दिवसांना एवढं कशाला हो, आजी?" बाई हसत म्हणाली.

म्हातारीने स्वेटरवरून एकदा हात फिरवला.

"माझा लेक लागेल तेवढंच भरतो," ती म्हणाली. "भिंतीला खिळा आहे का बघ."