पुरवणी प्रश्न

नारायणरावांनी कागद परत गौसियाकडे सरकवला आणि म्हणाले, यात प्रश्नच नाही.

दोन पानं भरून तिने सगळं लिहिलं होतं. नवरा अरसलान आखातात इमारतीच्या कामावर गेला, एके दिवशी त्याचा फोन बंद झाला, कंपनीला टाळं लागलं, एजंट बेपत्ता झाला. नारायणराव निवृत्त मास्तर. चिखलीत खासदारांच्या कार्यालयात बसून ते संसदेचे प्रश्न तयार करून देत. नुसते हाल सांगून भागत नाही, त्यांनी समजावलं. मंत्री सभागृहात खोटं बोलत नाही, पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतो.

"मंग तुमीच लिवा, गुरुजी," गौसिया म्हणाली.

शेजारच्या बाकावर तिचे सासरे अब्दुल गनी बसले होते. जानेफळहून दर खेपेला ते सोबत यायचे. गाडीत तिला बसायला जागा मिळवून द्यायचे आणि स्वतः दांडा धरून उभे राहायचे. कार्यालयात मात्र कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी नारायणरावांनी अरसलानचं नाव लिहिलं, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"नाव काऊन टाकता? त्याच्यासंगं लय पोरं होते. सगळ्याइचं विचारा."

नारायणरावांचा हात थांबला. स्वतःचा मुलगा हरवलेला असताना हा माणूस लोकांच्या मुलांचं बोलतो, हे त्यांना भिडलं. तसंही एकट्याचं गाऱ्हाणं नियमात बसत नाही, असं म्हणून त्यांनी नाव खोडलं.

पहिल्या अधिवेशनात, कोणते प्रश्न घ्यायचे त्याच्या सोडतीतच प्रश्न निघाला नाही. दुसऱ्या वेळी लेखी उत्तर आलं. अडकलेले कामगार इतके, परत आणलेले इतके, मृत इतके, बाकीच्यांबाबत दूतावास संपर्कात आहे. गौसियाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या आकड्यांत अरसलान कुठे बसतो ते तिला कोणी सांगू शकलं नाही.

साडेतीन वर्षं झाली होती. फोन बंद झाला तेव्हा तिला आठवा महिना होता. अब्दुल गनी एजंटाच्या शोधात मुंबईला गेले आणि सहा दिवसांनी आवाज बसलेल्या अवस्थेत परतले. पत्ता लागला नाही, तू जेवून घे, एवढंच म्हणाले. पुढल्याच महिन्यात महनूर झाली.

मध्यंतरी माहेरच्यांनी दुसऱ्या निकाहाचा विषय काढला. गौसियाला वाटलं, सासरे त्यांना दारातून वाटेला लावतील. पण पाहुणे गेल्यावर ते तिच्याजवळ येऊन बसले. तुझं वय काय, म्हणाले, माझ्यासाठी थांबू नको, पोरीला मी सांभाळीन.

"मी बेवा नाही, अब्बा," ती म्हणाली.

ते पुढ्यातलं ताट तसंच ठेवून बाहेर गेले. बापानेच पोराची आशा सोडावी, याचा तिला इतका राग आला की दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

मग हिवाळी अधिवेशनात प्रश्नाला तारांकन मिळालं. म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार होतं आणि खासदारांना त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येणार होता. गौसियाने सासऱ्यांना न सांगता नारायणरावांना फोन केला. या वेळी नाव घ्यायला सांगा, म्हणाली. सगळ्यांचं विचारून सगळ्यांचंच उत्तर मिळतं.

सासरे-सुनेने घरी मोबाइलवर कामकाज पाहिलं. मंत्र्यांनी आकडे वाचले. खासदार पुन्हा उठले आणि जानेफळचा अरसलान अब्दुल गनी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मंत्री म्हणाले, एका व्यक्तीची माहिती आत्ता हाताशी नाही, ती सन्माननीय सदस्यांना लेखी कळवली जाईल. सारं मिळून मिनिटभरही लागलं नाही.

दिल्लीत, एवढ्या मोठ्या सभागृहात, त्याचं नाव घेतलं गेलं होतं. गौसिया रडत होती. तिने मान वर केली तेव्हा अब्दुल गनी महनूरला खांद्यावर घेऊन अंगणात गेले होते.

अठरा दिवसांनी नारायणरावांचा फोन आला. उत्तर आलंय, ये. एकटी येऊ नको, म्हणाले.

महनूरला शेजाऱ्यांकडे ठेवून दोघं निघाली. मेहकरला गाडी बदलली. आज सासऱ्यांनाही जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "गौसिया, मले काही विचारायचं राह्यलं असंन तर आत्ता विचार."

"तुमाले काय विचारू, अब्बा? विचारायचं ते सरकारले."

त्यांनी मान हलवली.

कार्यालयात नारायणराव उभेच होते. त्यांनी अब्दुल गनींकडे पाहिलं, नजर वळवली, आणि गौसियाला खुर्ची देऊन कागद तिच्या हातात ठेवला.

हिंदीतला मजकूर होता, जेमतेम चार ओळींचा. अरसलान अब्दुल गनी, राहणार जानेफळ, जिल्हा बुलढाणा, यांचा कामाच्या ठिकाणी पडून मृत्यू झाला. खाली तारीख होती, महनूरच्या जन्माच्या महिनाभर आधीची. दूतावासाने त्यांचं पार्थिव सहाव्या दिवशी मुंबईला पाठवलं. ते विमानतळावर ताब्यात घेऊन त्याच दिवशी मुंबईत दफन केल्याची नोंद असून, पोचपावतीवर सही आहे : अब्दुल गनी, वडील.