आज मागे कोण

शाळेच्या फाटकातच शॉनच्या पाठीवर पट्टा पडला. दुसऱ्या फटक्याला सदरा फाटला. पाचवीतलं पोर भिंतीला चिकटून मार खात होतं आणि त्याची जुळी बहीण हिना दप्तर छातीशी धरून बघत होती.

सालोमी टीचर धावत आल्या. "रॉबर्ट, अरे बाप आहेस की जनावर?"

"तुमचाच मेसेज हाय ना, टीचर?" दादरच्या बाजारात भाजी टाकून वसईतल्या गास गावी परतलेल्या रॉबर्टने मोबाइल पुढे केला. 'आज पुढे : हिना. आज मागे : शॉन.' "मागं ऱ्हायला तो मार खानार. पोरगी पुढं हाय, तिला बोट तरी लावलं का आज?"

टीचरांच्या अंगाचा भडका उडाला. पण राग काढायचा कुणावर? गणिताचं ते सॉफ्टवेअर महिनाभर वर्गात वापरून पारखायचं काम त्यांच्याकडेच होतं. दोन्ही भावंडांना बापाचा एकच मोबाइल नंबर त्यांनीच लावला होता आणि सॉफ्टवेअरने घरातच शर्यत लावून दिली. सारखे गुण पडले तरी वेळ मोजून ते एकाला मागे टाकायचंच. 'पालकांना रोजचा निकाल' या सोयीला टीचरांनी अहवालात पाच तारे दिले होते. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

अहवाल उद्याच द्यायचा होता. त्यांनी दोघांचे महिन्याचे निकाल काढले आणि चक्रावल्याच. सोमवारी शॉन मागे, मंगळवारी हिना, बुधवारी पुन्हा शॉन. एका दिवसाचाही खंड नाही. पोरांची डोकी अशी एकाआड एक चालतात होय? सॉफ्टवेअरच खोटं, वाटेल तसे गुण वाटतंय मेलं! टीचरांनी ते नापास करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला त्या हिनाशेजारी बसल्या. टॅबच्या पडद्यावर सात गुणिले आठ आलं. पोरीचं बोट छप्पन्नवर गेलं, थबकलं आणि चोपन्नवर टेकलं. पुढच्या गणितालाही तेच.

"अगं, येतंय तुला! मुद्दाम चुकतेस?" टीचरांनी तिचा हात धरून वर उचलला. बाही सरकली. दंडावर पट्ट्याचे वळ होते, दोन दिवसांपूर्वीचे, काळेनिळे.

हिनाने मागच्या बाकाकडे पाहिलं. शॉन पुढे वाकून भराभर गणितं सोडवत होता. पाठ टेकवता येत नव्हती त्याला.

"हात सोडा ना, टीचर," ती हळूच म्हणाली. "काल त्यानं खाल्ला. आज माझी बारी हाय."