झेंडा आडवा धरला

"हे कुणाला पटायचं नाही!" न्हाव्याच्या दारात उभा राहून म्हातारा झेंडेवाला फुशारला. एकेकाळी गिरणीची मालगाडी याच रस्त्यावरून जायची आणि हा इंजिनापुढे लाल झेंडा घेऊन चालायचा. गिरणी बंद पडताच मालकांनी रूळ भंगारात विकले, याला घरी बसवलं. गरज सरो, वैद्य मरो! घरी सूनबाई त्याला अडगळ म्हणायची, म्हणून तो अजून रोज झेंडा घेऊन निघायचा.

"इंजिन अजून माझ्या मागे येतं. झेंडेवाल्यानं वळून बघायचं नसतं, म्हणून मी बघत नाही."

"डांबरावरून येतं होय, काका?" न्हावी खिदळला.

"हस लेका! झेंडा आडवा धरला की जागच्या जागी थांबतं. हे बघ!"

साबणाची वाटी थरथरू लागली. म्हाताऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत न्हावी भिंतीला चिकटला.

"खोटं बोलता, काका! थांबत नाहीये ते!"