बापाच्या नकारावरचा नियम

"बापाला बसवलेला नियम पोरीलाही लागतो, रंजू! चल, टाकीत उतर!" सुपरवायझर वारेसाहेब खेकसले.

रंजूच्या जन्माआधी झालेल्या संपानंतर कंपनीनं तिच्या बापाच्या मेंदूत नियम घातला होता. नकारार्थी मान हलवायला गेला, की ती खालीच झुकायची, म्हणजे होकारच व्हायचा. असाच झुकत तो ॲसिडच्या टाकीत उतरत राहिला आणि फुप्फुसं घालवून बसला. मान हलवायची त्याची ढब रंजूत जन्मतःच आली, आणि ढबीला चिकटून नियमही.

पण नियम चिकटला होता तो फक्त बापाच्या ढबीला. म्हणून रंजूनं सहा महिने घरी पातेली आदळून नकार द्यायची स्वतःची नवी ढब बसवली होती.

तिनं हेल्मेट काढून साहेबांच्या टेबलावर दाणकन आदळलं. मान ताठच राहिली.

"अगं, झुकली कशी नाही?"

"हा नकार बापाचा नाही, माझाय. टाकीत तुम्हीच उतरा. मला आता निघायचंय."