दंडातलं कडं
फोल्करने इर्माच्या भावाला ज्या तलवारीने ठार मारलं, तिचंच कडं ठोकून बिशपने फोल्करच्या दंडात अडकवलं आणि त्याला पायी तीर्थयात्रेला धाडलं. देवाने क्षमा केली की कडं आपोआप तुटेल आणि चर्चची घंटा वाजेल; माणसाने तोडलं तर सरळ नरक. फोल्कर आणि इर्माचं ठरलेलं लग्न तेव्हाच मोडलं. कित्येक वर्षांनी तो इर्माच्या दारात आला, तेव्हा कडं मांसात रुतलं होतं. "देव काही ऐकत नाही, इर्मे," तो म्हणाला. इर्माला राग आला नाही, रडूही आलं नाही. तिने चुलीवरची पेज उतरवून भावाची लोहारकामाची कानस काढली. "बस इथे. हात हलवू नकोस." ती कानस घासत राहिली. कडं खणकन खाली पडलं, तेवढ्यात पाद्रीबाबा उंबऱ्यात उभे. "कोणी तोडलं हे?" इर्माने मांडीवरचा लोखंडाचा कीस झटकला. "आपोआप तुटलं, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "घंटा वाजवा."